गांगुर्डे, साहेबांना नाशिक दाखवा

शनिवारी सुटताना मॅनेजर म्हणाले,
गांगुर्डे, तुम्ही इथलेच ना,
उद्या थानसाहेबांना नाशिक दाखवा.
पावत्या ठेवा.

मी स्टोअरचा माणूस.
तेविसाव्या रॅकवरचं बेअरिंग डोळे मिटून दाखवीन.
नाशिक कधी कुणाला दाखवलं नव्हतं.
बावन्न वर्षं नुसता त्यातून जात-येत होतो.

सकाळी मिसळ. साहेबांनी तर्री मागितली,
मग पुन्हा मागितली,
पोऱ्या जग घेऊन तिथंच उभा राहिला.
आमच्याकडची मिरची जीभ बधिर करते,
त्यांचा फोन मराठीत म्हणाला, बाईच्या आवाजात.
ही नुसती जाळते. हे सोपं आहे.

रामकुंडावर बाई गडबडली.
साहेब वाकून देवाची वाटी शोधू लागले.
मी सांगितलं, इथे हाडं विरघळतात म्हणतात.
साहेब मशीनवाले. विचारलं, किती वेळात?
पलीकडे एक मुलगा फडक्यात बांधलेलं मडकं घेऊन
पायरीवर उभा होता, पाण्यात उतरत नव्हता.
मी त्याच्याकडे बोट केलं नाही.
साहेबांनी आपणहून टोपी काढली.

काळारामाला गाइड लोक दगडाबद्दल सांगतात.
मीही दगडाबद्दल सांगितलं.
मग पूर्वेच्या दाराशी पाय अडला.
म्हटलं, माझे आजोबा इथवर आले होते.
आत काय पाहिलं त्यांनी? साहेबांनी विचारलं.
इथवर, मी म्हटलं.
फोनला वाटलं मी तेच पुन्हा म्हणतोय,
तिनं तेच पुन्हा सांगितलं.
साहेबांनी उंबऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि आम्ही दोघं आत गेलो,
चपला एकाच टोकनवर ठेवून.

तांबट आळीत रविवार. एकच हातोडी चालू.
साहेबांनी तांब्या उचलला, नखानं वाजवला,
कानाशी धरला, दुसरा घेतला.
भाव त्यांनीच केला, बोटांवर.

पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना ते मोजत होते.
वर दम टाकत मी सांगितलं,
नाव पांडवांचं, पण लेणी भिक्खूंची.
हे मात्र फोनला सांगावं लागलं नाही.
बुद्धासमोर साहेबांचे हात जुळले, माझेही,
मग दोघेही जरा संकोचलो,
एकाच कंपनीच्या गणवेशात एकमेकांना
पहिल्यांदा बघितल्यासारखे.

भिंतीवर जावयबापूंचं दान कोरलंय.
रक्कम विणकरांच्या श्रेणीत ठेव म्हणून ठेवली,
व्याजातून भिक्खूंना चिवरं.
मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.
मला हा लेख आवडतो. देवाबिवाचं काही नाही,
नीट नोंद आहे. दोन हजार वर्षं
रजिस्टर कुणी हलवलेलं नाही.

उतरताना अंधारून आलं. तरी गाडी पुन्हा घाटाकडे घेतली,
सकाळी दुतोंड्या मारुती राहून गेला होता.
सांगितलं, आमचा पूर हा मोजतो.
पाणी गुडघ्याला आलं की दुकानदार वर बघतात,
कमरेला आलं की माल हलवतात,
डोकं बुडालं की सराफ बाजारात होड्या.
नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं की मग
कुणी काही मोजत नाही.

साहेब बराच वेळ गप्प होते.
मग फोनमध्ये हळू बोलले.
आमच्या नदीत खडकावर मासे कोरलेत.
पाणी खूप उतरलं तरच दिसतात.
दिसले की त्या वर्षी पीक भरपूर.
म्हातारे हिवाळ्यात बघायला जायचे.

आणि आता?
आता धरण झालं. मासे कायमचे खाली.
सरकत्या जिन्यानं उतरायचं, काचेतून बघायचं.
पिकाचं? मी विचारलं.
फोन थोडा वेळ फिरत राहिला.
साहेब म्हणाले, पीक येतं. कुणाला विचारून येत नाही.

सोमवारी व्हाउचर भरलं.
पेट्रोल. पार्किंग चाळीस. मिसळ दोन, जादा पाव चार.
तांब्या साहेबांचा खाजगी.
खाली शेरा म्हणून एक रकाना असतो,
तो मी एरवी कोरा सोडतो.
लिहिलं: रविवारी पाणी मारुतीच्या घोट्याला.